जुन्या गाडीला आतून रंग देताना

मागच्या खेपेस आम्ही जुन्या कपाटाला रंग देण्याविषयी लिहिले होते. ते वाचून चिपळूणच्या एका भाभींनी विचारले, "कपाटाचे झाले, आता गाडीचे सांगा. आतून पार कळकट झाली आहे." आमच्याही घरात नुकतेच हेच काम झाले आहे, म्हणून यावेळी तेच लिहितो.

आमची गाडी २०११ सालची, अब्बांनी सेकंडहँड घेतलेली. आतला रंग फिका बदामी. मुलांचे बूट, सांडलेला चहा आणि बाजाराच्या पिशव्या यांनी दारांचे पॅनेल काळवंडले होते. त्यात घरातल्या धाकट्याचे लग्न ठरले आणि नवरी याच गाडीतून घरी येणार होती. कुशनवाल्याने सगळे आतून नवे करायचे २६ हजार सांगितले. त्याच महिन्यात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. फी मागे ठेवून गाडी सजवणे आम्हाला पटेना. म्हणून रंग घरीच द्यायचे ठरले.

पहिली गोष्ट, कशाला रंग बसतो ते ओळखा. प्लास्टिकचा भाग काढून मागे पाहिले तर त्यावर बहुधा इंग्रजीत पी.पी. किंवा ए.बी.एस. अशी अक्षरे उठवलेली दिसतात. ए.बी.एस.वर रंग चांगला धरतो. पी.पी.वर मात्र आधी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर मारावाच लागतो, नाहीतर नखाने खरवडले तरी रंग निघतो. रेक्झिनसाठी लवचिक असा व्हिनाइलचा रंग घ्यावा, साधा पत्र्याचा रंग घडीवर तडकतो. सीटचे कापड बहुतेक पॉलिस्टरचे असते. सुती कपड्यांचा घरगुती रंग त्यावर टिकत नाही आणि घामाने कपड्यांना लागतो. लग्नाच्या कपड्यांचा विचार करून आम्ही सीटला रंग दिलाच नाही. ती शाम्पूने धुऊन घेतली आणि साधी कव्हरे घातली.

दुसरी गोष्ट सफाई. इथेच आमची चूक झाली. पहिले पॅनेल ओल्या फडक्याने पुसून लगेच स्प्रे मारला. रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडले. वर्षानुवर्षे चोळलेल्या डॅशबोर्ड पॉलिशमध्ये सिलिकॉन असते, त्यावर रंग पसरत नाही. सगळा रंग काढून पुन्हा सुरुवात केली, एक डबा वाया गेला. योग्य क्रम असा: आधी भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश, मग कोरडे झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, मग नायलॉनच्या घासणीने हलके घासणे. सँडपेपर जोरात घासू नये, प्लास्टिकवरची नक्षी जाते. शेवटी पुन्हा एकदा अल्कोहोलचा हात.

रंग मारताना डबा वीत-सव्वा वीत लांब धरावा आणि पातळ हात द्यावेत. पहिला हात धुक्यासारखा, खालचा रंग दिसला तरी चालेल. दोन हातांत दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. तीन-चार हातांत काम होते. जाड हात दिला की ओघळ आलाच. आम्ही बदामीवर गडद राखाडी दिला. फिक्यावर गडद सहज बसतो, उलटे करायचे तर हात वाढतात आणि खर्चही. डॅशबोर्डच्या वरच्या भागाला चकचकीत रंग देऊ नये, त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि उन्हात रस्ता नीट दिसत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. धाकट्याने हौसेने स्टिअरिंगच्या मधल्या भागावर डबा रोखला होता. गॅरेजच्या मिस्त्री चाचांनी हात धरला. त्या झाकणाच्या आत एअरबॅग असते. धडक बसली की ते झाकण ठरलेल्या रेषेवर क्षणात फाटायला हवे. वर रंगाचा थर असला तर त्यात अडथळा येऊ शकतो आणि सुकलेल्या रंगाच्या कपच्या तोंडावर उडू शकतात. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर कव्हरही त्यासाठी बनवलेलेच घ्यावे. सीटबेल्टला रंग किंवा ब्लीच कधीही लावू नये, पट्ट्याचे धागे कमजोर होतात. तो सौम्य साबणाच्या पाण्यानेच पुसावा. पेडलवरही रंग नको, पाय घसरतो.

रंगाची वाफ छातीला वाईट. आमच्या अम्मींना दमा आहे आणि दवाखान्यात न्यायची गाडी हीच. म्हणून शक्य तितके भाग सोडवून अंगणात रंगवले. बाकी काम चारही दारे उघडी ठेवून, वाफेचा मास्क लावून केले. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. जवळ चूल, विडी, उदबत्ती काही नको, स्प्रे पेट घेतो. लग्नाच्या आदल्या आठवड्यातच काम संपवले. रंग हाताला दोन तासांत सुकलेला वाटतो, पण पक्का व्हायला काही दिवस लागतात. गाडी रोज दारे उघडून उभी ठेवली. वास पूर्ण गेल्यावरच अम्मींना बसवले. तेवढे दिवस रिक्षाने नेले.

एकूण खर्च ३,४०० रुपये, त्यात वाया गेलेला डबा आणि सीटची कव्हरेही आली. नव्यासारखे झाले असे म्हणणार नाही. हातरेस्टच्या कडेला जिथे रोज हात घासतो, तिथे रंग आत्ताच थोडा उडाला आहे. उरलेला अर्धा डबा त्यासाठीच ठेवला आहे. फी वेळेवर भरली गेली. नवरी मागच्या सीटवर बसून घरी आली आणि अम्मी पुढे बसल्या.

ज्यांनी असे काम केले असेल त्यांनी आपला अनुभव जरूर कळवावा, विशेषतः चामड्याच्या सीटचा. तो आम्हाला नाही.