दोन बैल, चार बैल आणि बक्षिसातली थार

नवी थार २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली तेव्हा तिला बाजूची दोनच दारं होती. १५ ऑगस्ट २०२४ ला चार दारांची थार रॉक्स आली आणि तेव्हापासून दोन्हींचे मालक एकमेकांना चिडवत आले आहेत. दोन दारांचा मालक म्हणतो, खरी थार माझीच. तुझी ती वऱ्हाड न्यायची गाडी. चार दारांचा म्हणतो, तुमच्या आईला मागं बसायचं तर पुढची सीट दुमडावी लागते, ही कसली ऐट? चहा संपतो, पैसे कुणीतरी एक जण देतो आणि रविवारी दोघं एकाच घाटरस्त्यावर दिसतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कास्तकाराला ही चढाओढ समजावून सांगावी लागत नाही. तो दारांऐवजी दात मोजतो, एवढाच फरक.

बैलाचं वय तोंड उघडून बघतात. दुधाचे दात पडून पुढचे दोन पक्के दात आले की तो दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. पश्चिम महाराष्ट्रात याच हिशेबानं शर्यतींचे गट पडतात. पक्का दात न आलेला तो आदत, दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा. दोन दातीचा मालक म्हणतो, माझ्या गोऱ्ह्याच्या अंगात वारा आहे. चार दातीचा मालक म्हणतो, वारं ठीक आहे, पण झेंडी पडल्यावर सरळ कोण पळतो ते बघू. वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत बैलबाजार भरतो. तिथं खरेदी करणारा माणूस बैलाच्या जबड्यात बोट घालून उभा असतो आणि भोवती पाच-सहा जण आपापलं मत देत असतात. त्यातल्या निम्म्यांना बैल घ्यायचाच नसतो. त्यांना वाद घालायचा असतो, आणि तो अगदी मनापासून.

विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. बोलताना नुसता 'पट'. हलकी, सडसडीत गाडी, एक जोडी आणि कासरा धरून बसलेला धुरकरी. यवतमाळहून बाभुळगाव, धामणगाव करत गेलं की अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर लागतं. तिथला पट साऱ्या वऱ्हाडात नावाजलेला. तिथं महिलांचा स्वतंत्र पट होतो आणि गाडीवर बाई धुरकरी म्हणून बसते. यवतमाळच्या गावांतून माणसं तिथं जोड्या घेऊन जातात, आणि ज्यांच्याकडं जोडी नाही तेही जातात. पऱ्हाटी वेचून झालेली असते, तूर काढायची असते, मधल्या दिवसांत माणसाला श्वास घ्यायला जागा मिळते.

पुणे जिल्ह्यातल्या खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळात मात्र गाड्याला चार बैल. पुढं एक जोडी, मागं एक जोडी, आणि त्यांच्याही पुढं घोडीवर स्वार. घाटाच्या चढावर प्रत्येक गाडा एकेकटा घड्याळाशी पळतो आणि ज्याची वेळ सर्वांत कमी तो घाटाचा राजा. विदर्भातला पटवाला हे ऐकतो आणि म्हणतो, चार बैलांत दोष कोणाचा हे कसं कळणार? दोन बैलांत लपायला जागा नाही. मावळातला गाडामालक म्हणतो, दोन बैल कुणीही पळवील. चार जनावरं एका लयीत आणायची तर घर विसरावं लागतं. दोघांचंही बरोबर आहे. हा वाद मिटावा असं वाटणारा माणूस दोन्हीकडं सापडणार नाही.

या चढाओढीत एक गोष्ट अशी आहे जी मोटारींच्या चढाओढीत नाही. गाडी एकाच मालकाची असते. बैलांची जोडी मात्र बऱ्याचदा एका घरची नसते. एकाकडं डाव्या बाजूला पळणारा बैल पक्का असतो, पण उजवा कमी पडतो. दुसऱ्याकडं नेमकं उलटं. गेल्या पटात ज्यानं हरवलं त्याच्याच अंगणात मग हा माणूस जाऊन बसतो.

"भाऊ, यंदा तुमचा उजवा देता काय? जोड लागून नाही राह्यली राजेहो."

"न्या ना. पण ढेप माह्या घरचीच चारा. अन् पटाच्या दिवशी सोबत मी येतो."

इतकंच बोलणं. कागद नाही, सही नाही. बैल दुसऱ्याच्या गोठ्यात महिनाभर राहतो, दोन्ही जनावरं एका जूखाली सरावतात, त्यांची पावलं एकमेकांत मिसळतात. बक्षीस मिळालं तर निम्मं-निम्मं. आणि त्याच पटात दुसऱ्या गटात हेच दोघं पुन्हा एकमेकांविरुद्ध उभे राहू शकतात. उद्या ज्याचा बैल मागायला जायचं आहे त्याच्याशी आज कुणी वैर धरत नाही. पटातली मैत्री टिकली ती माणसं भली म्हणून, हे खरंच. पण त्याहून जास्त, ती गरजेनं बांधलेली आहे म्हणून.

मध्ये बरीच वर्षं हे सगळं बंद होतं. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं बैलाला खेळ करून दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींवरही बंदी आणली. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, पण परवानगीचं घोडं न्यायालयात अडलं. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. त्या मधल्या काळात पटाचे बैल विकले गेले, धुरकरी म्हातारे झाले, गोठ्याच्या जागी ट्रॅक्टरची शेड उभी राहिली.

बंदी आली त्यात सगळा दोष न्यायालयाचा नव्हता. शेपटी पिळणं, तुतारीच्या, म्हणजे हाकायच्या काठीच्या, टोकाला खिळा लावून टोचणं, हे प्रकार होत होते आणि पटाला जाणाऱ्या प्रत्येकानं ते पाहिले होते. २०१७ च्या दुरुस्तीत शिक्षा कडक आहे: पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. काठी नको, विजेचा झटका नको, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शर्यत नको. हे नियम चांगले आहेत आणि त्यांच्यावर कुरकुर करणाऱ्यांची बाजू घेता येणार नाही. पण खिळा सरकारी माणसाच्या आधी शेजारच्या गाडीवाल्याला दिसतो. जिथं मालक एकमेकांना ओळखतात, एकमेकांचा बैल जोडीला नेतात, तिथं माझ्या बैलाला टोचशील तर पुन्हा मिळणार नाही, हा धाक सगळ्यांत जवळचा असतो.

म्हणूनच बक्षिसांचा आकडा ज्या वेगानं चढतो आहे त्याची काळजी वाटते.

मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत पहिल्या बक्षिसाला जेसीबी होता. सांगली जिल्ह्यात पहिल्या नंबराला थार लागली, पुढं फॉर्च्युनरही लागली. ज्या गाडीला दोन दारं असावीत की चार यावर शहरातली पोरं हसत-खेळत भांडतात, ती गाडी आता बैलाच्या पायाला बांधली गेली आहे. शर्यतीचा बैल लाखांत विकला जातो. विदर्भातल्या पटांची बक्षिसं अजून तितकी फुगलेली नाहीत, पण मंडपातले फलक दर वर्षी मोठे होताहेत आणि त्यावरचे पुढाऱ्यांचे फोटोही. एका पटात लाखाची गाडी लागली की शेजारच्या गावाला कमीपणा वाटतो.

गाडी पहिल्या बक्षिसाला आली की सगळ्यांत आधी बैल मागायला जाणं थांबतं. मोटार निम्मी-निम्मी वाटता येत नाही. ती विकून पैसे वाटायचे तर हिशेब आला, हिशेबापाठोपाठ कागद आला, कागदापाठोपाठ संशय आला. दोन्ही बैल आपल्याच दावणीला असावेत असं ज्याला परवडतं तो दोन्ही विकत घेतो. मग ज्याच्याकडं एकच चांगला बैल आहे, पाच एकर कोरडवाहू आहे आणि सोसायटीचं कर्ज आहे, तो बाहेर बघत उभा राहतो. यवतमाळ जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा कास्तकाराच्या मरणासोबत येतं. त्याच कास्तकाराला चार लोकांत मान मिळवून देणारी ही एक जागा आहे, आणि ती त्याच्याकडून जायला नको.

पटमंडळांनी ठरवलं तर हे रोखता येईल. पहिलं बक्षीस असं असावं की ते दोन घरांत सहज वाटता येईल: रोकड, ढेपेची पोती, वर्षभराचं कुटार, जनावरांच्या विम्याचा हप्ता. उसनवारीच्या जोडीला, म्हणजे दोन वेगळ्या गोठ्यांतले बैल एका जूखाली आणणाऱ्यांना, वेगळा मान द्यावा. दोन्ही मालकांची नावं एकत्र पुकारावीत. वर्षभर वखर-डवरा ओढणाऱ्या कामाच्या जोड्यांसाठी काही पटांत वेगळा गट असतो, तो सगळीकडं असावा आणि दुपारी उन्हात उरकून न टाकता गर्दीच्या वेळेला ठेवावा. पशुवैद्यकानं पळण्याआधी आणि नंतरही बैलाचे खूर आणि मान बघावी. यातलं काहीही महाग नाही.

पट संपल्यावर संध्याकाळी एक गोष्ट बघण्यासारखी असते. धुरळा खाली बसलेला असतो, लाऊडस्पीकर बंद झालेला असतो. दिवसभर एकत्र पळालेली जोडी सोडतात. एक बैल या पिकअपमध्ये चढतो, दुसरा त्या. ज्याचा बैल उसना होता तो माणूस त्याच्या मानेवरून हात फिरवतो, जू कुठं घासलं का ते बोटांनी चाचपतो, आणि दुसऱ्याला विचारतो, पाणी पाजलं होतं ना? तो म्हणतो, दोनदा. मग पुढच्या पटाला कोणाचा डावा आणि कोणाचा उजवा, याचं बोलणं पिकअपच्या फळीला टेकून सुरू होतं, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहतो.