जल्लोष कोणाचा, जोखीम कोणाची?

ग्लॅम मेटल या संगीतप्रकाराचे नाव निघाले की पुरोगामी वर्तुळांत नाके मुरडली जातात. फुगवलेले केस, रंगवलेले ओठ, कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी आणि रंगमंचावर उसळणाऱ्या ठिणग्या हा सारा भांडवलशाहीचा थिल्लर बाजार आहे, असा निकाल देऊन विषय संपवला जातो. हा निकाल उतावळा आहे.

१९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरील क्लबांतून हे संगीत फोफावले. त्याचा खरा थरार तबकडीत नव्हे, प्रत्यक्ष मैफलीत असतो. मॉटली क्रूचा ड्रमवादक टॉमी ली १९८७ च्या दौऱ्यात फिरत्या पिंजऱ्यात उलटा लटकत वाजवी, तेव्हा सभागृह श्वास रोखून धरी. तथापि त्याहून मोठा क्षण वेगळाच. गायक मध्येच थांबतो आणि ध्रुवपद हजारो कंठांतून उमटते. त्या क्षणी उत्पादक आणि ग्राहक हा भेदच गळून पडतो. दिवसभर दुसऱ्याच्या हुकमाखाली राबणाऱ्या तरुणाला आपला आवाज मोठा झाल्याचा अनुभव येतो. या अनुभवाला खोटे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रश्न आहे तो या सामुदायिक निर्मितीचे फळ कोण घेतो आणि जोखीम कोण उचलतो, हा. सनसेट स्ट्रिपवरील अनेक क्लबांनी त्याच दशकात नवी रीत पाडली. वादकांनी तिकिटे आधी स्वतः विकत घ्यायची आणि मग दारोदार खपवायची. तिकिटे पडून राहिली तर तोटा कलावंताचा, मालक सुरक्षित.

ही जोखीम केवळ पैशाचीच असते असे नाही. २० फेब्रुवारी २००३ रोजी ऱ्होड आयलंड राज्यातील वेस्ट वॉरविक येथे ‘द स्टेशन’ या क्लबात ‘ग्रेट व्हाइट’ या जुन्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम सुरू होताच शोभेची दारू पेटवण्यात आली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींवर लावलेल्या ज्वालाग्राही फोमने पेट घेतला. काहींना प्रथम ज्वाळा हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. मग बहुतेक जण आले होते त्याच दाराकडे धावले आणि तेथेच अडकले. आग विझवणारे स्वयंचलित पाणफवारे तेथे नव्हते. १०० माणसे मेली. त्यांत वाद्यवृंदाचा एक गिटारवादकही होता. राज्याने त्याच वर्षी अग्निसुरक्षेचा कायदा कडक केला, पण तो या शंभरांच्या उपयोगी पडला नाही.

नियम आनंदाचे वैरी असतात, हा मालकवर्गाचा जुना युक्तिवाद आहे. वस्तुस्थिती उलट आहे. जिवाची शाश्वती असेल तरच माणूस गर्दीत स्वतःला विसरू शकतो. म्हणून कार्यकर्त्यांनी गायकाच्या ओठांचा रंग न्याहाळण्यापेक्षा सभागृहाला दारे किती आहेत आणि ती उघडी आहेत काय, याची चौकशी आधी करावी.