गाळणी घेताना आधी सांधे पाहा



आंबिया बहाराची संत्री आली की आपल्याकडे रस, स्क्वॅश सुरू होतं. त्याच दिवसांत टमाटर उतरले की सॉसही होतो. मग प्रश्न येतो, "ताई, गाळणी कोणती घेऊ?" बऱ्याच जणी भोकं किती बारीक आहेत तेवढंच पाहतात. माझं मत वेगळं आहे. आधी सांधे पाहा.

हे मी चूक करून शिकले. दोन वर्षांपूर्वी मी हौसेने दांडा फिरवायची मोठी रसगाळणी आणली. अर्ध्या तासात दोन पाट्या संत्री झाली. गाळणी धुतली, पालथी घातली, मांडणीवर ठेवली. चार दिवसांनी टमाटरांसाठी काढली तर वास आला. जाळीखालचं रबरी कडं काढलं, तर आत काळी बुरशी आणि चिलटांच्या बारीक अळ्या वळवळत होत्या. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गाळणी आणली, पण तिचं पोट पाहिलं होतं का तू?"

जीव वाचावे म्हणून आपण गाळतो, आणि माझ्या गाळणीतच जीव निपजले! ती तशीच अंगणातल्या झाडाच्या सावलीत नेऊन ठेवली. त्या दिवशी सॉस केला नाही.

म्हणून आता माझी पहिली अट ही, की गाळणीचा प्रत्येक भाग हाताने सुटा झाला पाहिजे. जाळी, कडं, दांडा, सगळं. जिथे बोट आणि ब्रश पोहोचत नाही, तिथे गर राहतोच. दुकानातच उघडून दाखवायला सांगा. दुकानदार "उघडायची गरजच पडत नाही" म्हणाला, तर ती तिथेच ठेवा. धुतल्यावर सुटे भाग उन्हात वाळवायचे, आणि सूर्यास्ताआधी ते कोरडे होतील एवढंच काम एका दिवशी काढायचं.

दुसरी अट धातूची. टमाटर, संत्रं, चिंच सगळं आंबट. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट कळकतं, ॲल्युमिनियमलाही आंबट लागतं. आईकडून आलेलं ॲल्युमिनियमचं पुरणयंत्र पुरणालाच ठेवा. रसासाठी स्टीलच घ्या.

आता भोकांकडे येऊ. टमाटराला बी आणि साल अडेल एवढीच जाळी पुरते. फार बारीक घेतली तर गरही चोथ्यात जातो आणि सॉस पातळ होतो. संत्र्याला बी चिरडणारं यंत्र नको, रस कडू होतो. कवठाच्या जेलीला तर यंत्रच नको. फडक्यात बांधून टांगा आणि पिळू नका, म्हणजे जेली स्वच्छ उतरते.

पाण्याचं गाळणं मात्र या कामाला कधीच वापरू नका. ते जाड कापडाचं, दुहेरी, सूर्याकडे धरलं तर पलीकडचं दिसू नये असं. वर्ध्याला मिळणारी जाड खादी त्याला चांगली. गोडाचा अंश लागलेल्या कापडातून पाणी गाळलं तर गाळण्याला अर्थ काय राहिला? रसाचं फडकं वेगळं, पाण्याचं वेगळं.

सगळ्यात महत्त्वाचं हे, की गाळणी शोधनाची जागा घेत नाही. अख्खे टमाटर उकळून यंत्रात घातले तर आतली अळी चोथ्यात जाईल, सॉस स्वच्छ दिसेल, पण जीव तर गेलाच. प्रत्येक फळ आधी चिरून, उजेडात पाहून मगच पातेल्यात टाका. याला वेळ लागतो. लागू द्या.

काही जणी म्हणतील, बाटलीत महिनोन्‌महिने ठेवायचं म्हणजे मर्यादेबाहेरचंच, त्याची एवढी चर्चा कशाला? त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. गाळलेल्या पाण्याचीसुद्धा मर्यादा 48 मिनिटं, तिथे बाटलीचं काय सांगावं! गाळल्याने मर्यादा वाढत नाही. बाटलीतला जिन्नस टिकतो तो आच, आंबटपणा, साखर आणि उकळून कोरड्या केलेल्या बाटलीमुळे. आमच्या सासूबाई शोधाचं जेवतात, त्यांच्या ताटात बाटलीतलं काही जात नाही, आणि चौक्यात तर बाटली येतच नाही.

पण मुलांना सॉस हवाच असतो. बाजारातल्या बऱ्याच सॉसच्या बाटल्यांवर कांदा-लसूण लिहिलेला असतो, आणि आतले टमाटर कोणी शोधले ते आपल्याला कुठे ठाऊक! ज्या घरात सॉस येणारच आहे, तिथे तो आपल्या हातचा, शोधून केलेला असावा, एवढंच माझं म्हणणं. आणि तोही लहान बाटल्यांत, लवकर संपेल इतकाच.

आज एक करा. घरात जी गाळणी आहे ती पूर्ण उघडा आणि तिचं पोट पाहा. काही दिसलं तर घाईने नळाखाली धरू नका, आधी सावलीत ठेवा.

जय जिनेंद्र!