वाचनकट्टा : कातडीची पाने, सालीचा कागद

विरार पश्चिमेचे बोळिंज एके काळी केळीच्या बागा आणि भाजीच्या वाड्या यांसाठी ओळखले जाई. आज तिथे म्हाडाच्या उंच इमारतींची रांग उभी आहे, आणि आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर किराणा, कापड, हार्डवेअर, भांडी असे सर्व व्यापार दाटीने मांडलेले आहेत. सकाळच्या विरार लोकलमध्ये पुढे वाकून मोबाइल वाचणाऱ्या तरुणांत या दुकानदारांची मुलेही असतात. ती नेमके काय वाचतात, हे घरातील वडीलधाऱ्यांनी विचारले, तर उत्तर येते, ‘जपानी गोष्ट.’ एवढ्या उत्तराने कोणाचेही समाधान होत नाही. म्हणूनच या महिन्याच्या कट्ट्यावर तो विषय घेतला आहे.

जपानमध्ये ‘लाइट नॉव्हेल’ नावाचा एक लोकप्रिय वाङ्मयप्रकार आहे. आटोपशीर पुस्तक, सोपी भाषा, संवादांची रेलचेल आणि अधूनमधून चित्रे असे त्याचे साधारण रूप. त्यातली एक मोठी शाखा म्हणजे ‘इसेकाई’. या शब्दाचा अर्थच ‘दुसरे जग’. आपल्या जगातला एक सामान्य माणूस मरतो किंवा ओढला जातो, आणि किल्ले, जादू, राक्षस असलेल्या भलत्याच जगात डोळे उघडतो. यांतील कित्येक कथा आधी ‘शोसेत्सुका नि नारो’ या जपानी संकेतस्थळावर हौशी लेखकांनी फुकट लिहिल्या. त्या नावाचा अर्थ ‘लेखक होऊ या’ असा आहे. वाचकांना आवडले की मग प्रकाशक पुढे आले. माल आधी ग्राहकाला चाखवायचा आणि खप दिसला की मग गोदाम भरायचे, ही पद्धत व्यापाऱ्याला मुद्दाम समजावून सांगावी लागणार नाही.

बोळिंजच्या तरुण वाचकांमध्ये सर्वांत आधी नाव निघते ते ‘कोनोसुबा’चे. नात्सुमे आकात्सुकी यांची ही मालिका 2013 साली पुस्तकरूपाने सुरू झाली आणि 2020 मध्ये सतराव्या खंडात संपली. तिचा नायक काझुमा संथ चालणाऱ्या ट्रॅक्टरला ट्रक समजतो आणि केवळ घाबरून मरतो. परलोकात भेटलेल्या देवीशी वाद झाल्यावर तो रागाने तिलाच सामानासारखी दुसऱ्या जगात घेऊन जातो. पुढे ती देवी पैसे उधळते, सोबती एकापेक्षा एक निरुपयोगी निघतात, आणि उधारी वाढत जाते. कॉलेजात जाणाऱ्या मुलांचे मत सरळ आहे : दिवसभराच्या शिणानंतर हसू येते, एवढे पुरे. मोठ्यांचे मतही तितकेच सरळ आहे : विनोद अनेक ठिकाणी घसरतो, मद्यपान फार आहे, आणि लहान भावंडांच्या हाती हे पुस्तक देण्याजोगे नाही. दोन्ही मते खरी आहेत. त्यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

खरी चर्चा रंगते ती दुसऱ्या एका मालिकेवर. मिया काझुकी या लेखिकेची ही मालिका इंग्रजीत ‘असेंडन्स ऑफ अ बुकवर्म’ या नावाने आली आहे. मराठीत तिला ‘पुस्तकवेडी’ म्हणता येईल. 2013 ते 2017 या काळात ती त्याच संकेतस्थळावर 677 प्रकरणांत प्रसिद्ध झाली, आणि 2015 पासून 2023 पर्यंत तिचे पाच भागांत 33 खंड निघाले. जपानमधल्या लाइट नॉव्हेलच्या प्रसिद्ध वार्षिक क्रमवारीत 2018 आणि 2019 अशी लागोपाठ दोन वर्षे ती आपल्या गटात पहिली आली होती.

कथानक असे. उरानो नावाची पुस्तकांनी झपाटलेली तरुणी नुकतीच ग्रंथपालाच्या नोकरीस पात्र ठरलेली असते. भूकंपात ती स्वतःच्याच पुस्तकांच्या ढिगाखाली दबून मरते, आणि माइन नावाच्या पाच वर्षांच्या अशक्त मुलीच्या देहात जागी होते. वडील वेशीवरचे शिपाई, आई कापड रंगवणारी, थोरली बहीण तुली. घरात पुस्तक सोडाच, लिहिलेला कागदही नाही. कारण त्या जगात पुस्तक कातडीच्या पानांवर हाताने लिहिले जाते आणि ते फक्त सरदारांना परवडते. बाजारातल्या एका दुकानात तिला पुस्तक दिसते, पण हात लावण्याची परवानगी नसते. तेव्हा ती ठरवते, मिळत नसेल तर आपणच बनवायचे.

येथून पुढचा भाग म्हणजे एका धंद्याची सुरुवातीपासूनची कहाणी आहे. गवताचे धागे विणून पान करण्याचा प्रयत्न फसतो. मातीच्या पाट्या भट्टीत फुटतात. लाकडाच्या पट्ट्यांवर लिहून ठेवावे, तर आई त्या सरपण समजून चुलीत घालते. वेशीवर हिशेब पाहणारा ओट्टो पूर्वाश्रमीचा फिरता व्यापारी आहे. तो तिला अक्षरे शिकवतो आणि मोबदल्यात तिच्याकडून आकडेमोड करून घेतो. मजुरी म्हणून पाटीवरची पेन्सिल मिळते. शेवटी शेजारचा मुलगा लुट्झ सोबत घेऊन ती झाडाची साल वाफवते, राखेच्या पाण्यात उकळते, कुटते, चिकट पाण्यात तरंगवते आणि चौकटीवर गाळून कागद काढते. ही कृती लेखिकेने कल्पनेतून आणलेली नाही. जपानी हातकागद असाच बनतो, आणि 2014 मध्ये युनेस्कोने त्या कौशल्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडेही दौलताबादजवळ कागजीपुरा हे गाव याच धंद्यावरून नाव मिळवून बसले आहे.

भांडवल पुरवणारा बेन्नो हा वाचकांचा सर्वांत लाडका माणूस. तो माइनला पुनःपुन्हा एकच गोष्ट ऐकवतो : तुझ्या डोक्यात जे आहे तो माल आहे, तो बोलता बोलता फुकट सांडू नकोस. केस धुण्याच्या तेलकट द्रवाची कृती असो वा बहिणीसाठी विणलेले केसांतले फूल, तिला जे खेळ वाटते त्यात बेन्नोला बाजारपेठ दिसते. कागद बाजारात येताच कातडी-कागद करणाऱ्यांचा संघ आडवा येतो. बेन्नो भांडत बसत नाही. औपचारिक करारनामे कातडीवरच होतील आणि सालीचा कागद इतर कामांना वापरला जाईल, अशी वाटणी तो करून घेतो. बोळिंजमधील एका हार्डवेअर व्यापाऱ्याने मुलीच्या आग्रहाखातर पहिले तीन खंड वाचले. त्यांचे म्हणणे असे की हा प्रसंग व्यवस्थापनाच्या महाविद्यालयात शिकवावा. जुन्या धंद्याला पूर्ण बुडवले, तर तो शत्रू होतो. त्याला एक कोपरा राखून ठेवला, तर तो गप्प बसतो.

याच घरातील आजींना नात रोज संध्याकाळी चोविहारानंतर थोडी थोडी गोष्ट सांगते. पूर्वजन्म आठवणारी मुलगी म्हटल्यावर आजी चकित झाल्या नाहीत. ‘बेटा, याला जातिस्मरण म्हणतात,’ एवढेच म्हणाल्या. आपल्या कथांत अशी आठवण झाली की माणूस संसाराला कंटाळतो, आणि या मुलीला आठवण झाली की ती साबण-तेल विकायला काढते, हा फरक मात्र त्यांना मनापासून हसवून गेला. त्यांचा आक्षेप वेगळा आहे. पहिल्याच खंडात हिवाळ्याच्या बेगमीसाठी डुक्कर मारण्याचा प्रसंग येतो. माइन ते पाहून बेशुद्ध पडते. नातीने तो भाग गाळला होता, पण तिच्या धाकट्या भावाने तो सांगून टाकला. आजींनी दोन दिवस गोष्ट ऐकली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारले, ‘मग त्या मुलीने कातडीऐवजी सालीचा कागद केला तो याच कारणाने का गं?’ नातीला खरे सांगावे लागले : ‘नाही बा, कातडी महाग होती म्हणून.’ आजी म्हणाल्या, ‘कारण काही असो, जीव तर वाचले.’

छापील कागदाविषयीची अशी शंका महाराष्ट्राला नवी नाही. गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली मुंबईत मराठी पंचांग छापले, तेव्हा शाईत चरबी असेल या भयाने अनेक सोवळी मंडळी छापील पानाला शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून, स्वतः खटपट करून यंत्र उभे केले होते. शाईही घरी सिद्ध केली आणि पुढे अक्षरांचे खिळेही पाडले. माइन काजळी आणि जवसाचे तेल घोटून शाई करते, ते प्रकरण वाचताना मराठी वाचकाला या माणसाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्याच्याकडे जादू नव्हती, एवढाच काय तो फरक.

मालिकेविषयीची प्रतिकूल मतेही थोडी नाहीत. पहिला खंड अतिशय संथ आहे, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक वाचक करतो. नायिका सुरुवातीला स्वार्थी वाटते. घर घाण आहे, अन्न बेचव आहे, पुस्तक नाही, अशी तिची कुरकुर संपत नाही. आईबापांचे कष्ट तिला दिसत नाहीत. एका शिक्षिकेने तर तिथेच पुस्तक मिटले. ज्यांनी धीर धरला, ते सांगतात की हीच मुलगी हळूहळू त्या गरीब घरात रुजते, आणि म्हणूनच दुसऱ्या भागाचा शेवट सोसवत नाही. घरच्यांचे प्राण वाचवण्यासाठी ती राज्यकर्त्याची दत्तक मुलगी होते, आणि करार असा होतो की यापुढे आईबापांना भेटता येईल, पण आई-बाबा म्हणून हाक मारता येणार नाही. हलकीफुलकी म्हणून हाती घेतलेली मालिका इथे वाचकाला रडवते. त्यानंतरचे खंड सरदारांच्या दरबारात आणि राजविद्यालयात घडतात. नावे वाढतात, राजकारण वाढते, आणि व्यापारात रमलेल्या वाचकाचा रस थोडा ओसरतो. हे मत रास्त आहे. बेन्नो जितका दूर जातो, तितके पुस्तक पातळ होते.

मात्र बोळिंजच्या त्या घरात सर्वाधिक वाद झाला तो लुट्झवरून. लुट्झचे वडील बांधकामावरचे कारागीर. मुलांनीही कारागीरच व्हावे, ही त्यांची धारणा. लुट्झला व्यापारी व्हायचे आहे. तो बेन्नोच्या दुकानात उमेदवारी करू लागतो, घरी टोमणे खातो, आणि एके दिवशी बेन्नोबरोबर परगावी जाण्यास वडील परवानगी देत नाहीत, तेव्हा घर सोडून निघून जातो. बेन्नो त्याला दत्तक घ्यायला तयार होतो. प्रकरण मंदिराच्या मुख्य पुरोहितापुढे जाते, आणि तिथे वडील प्रथमच तोंड उघडतात. त्यांचा विरोध जसा मुलाने समजला होता तसा नव्हता, हे तेव्हा उलगडते. बोलायची सवय नसलेल्या माणसाने नुसता नकार दिला होता, कारण सांगितले नव्हते.

हार्डवेअरच्या दुकानाचे मालक हे प्रकरण वाचून अस्वस्थ झाले. त्यांचा मोठा मुलगा दुकानावर बसत नाही. त्याला जपानी भाषा शिकून पुण्यात भाषांतराची नोकरी करायची आहे, आणि गेल्या वर्षापासून बापलेकांत कामापुरतेच बोलणे आहे. त्यांच्या मते लेखिकेने बापावर अन्याय केला आहे. लुट्झ कारागिराच्या घरातून व्यापारात जातो, म्हणून वाचकाला ते वर चढणे वाटते. पण तीन पिढ्यांची पेढी टाकून कोणी नोकरीला निघाला, तर पेढीचे काय? नायकाच्या बाजूने लिहिलेल्या गोष्टीत हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मुलीचे म्हणणे उलट आहे. ‘पप्पा, लेखिकेने बापाला बोलायची जागा दिली आहे. ती त्याने वापरली. तुम्ही दादाला एकदा तरी विचारलेत का, तो का जातोय?’ काकांनी मध्यस्थी करीत तिसरा मुद्दा काढला : दुकानावर बसायला मुलगाच कशाला हवा? पहिले तीन खंड वाचून बेन्नोची प्रत्येक अट ज्या मुलीला पाठ आहे, तिला गल्ल्यावर बसवून पाहायला काय हरकत आहे? या बोलण्यावर घरात पहिल्यांदाच शांतता झाली, असे सांगतात.

आजींना या वादात सोपारा आठवला. बोळिंजपासून नालासोपारा हाकेच्या अंतरावर. श्रीपाळ राजाच्या कथेत सोपारक नगरीची राजकन्या तिलकसुंदरी हिला सर्पदंश होतो आणि श्रीपाळ तिला वाचवतो, ते हेच बंदर. विनयविजयजींनी रांदेर येथे आरंभलेला आणि त्यांच्या पश्चात यशोविजयजींनी पूर्ण केलेला श्रीपाळ रास त्या घरात ओळीच्या दिवसांत वाचला जातो. त्यातला धवल शेठ म्हणजे लोभी व्यापाऱ्याचा नमुना. श्रीपाळाच्या बळावर जहाजे सुटली, तरी त्याच्याच संपत्तीवर डोळा ठेवून त्याला समुद्रात ढकलतो. ‘तुमचा बेन्नो धवल शेठासारखा नाही, तेवढे बरे,’ असा त्यांनी निकाल दिला.

मालिका मराठीत नाही, इंग्रजीतून वाचावी लागते, आणि छापील खंड परदेशातून येत असल्याने स्वस्त नाहीत. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी पहिल्या भागाचे तीन खंड योग्य आहेत, मात्र डुकराच्या प्रसंगाची कल्पना आधी द्यावी. पुढचे खंड थोड्या मोठ्या मुलांसाठी. हार्डवेअरवाल्या घरी सध्या सहावा खंड फिरतो आहे. तो मोठ्या मुलाच्या खोलीतून दुकानाच्या गल्ल्याशेजारी आला आहे, आणि त्यात खूण म्हणून घातलेली पावती दर दोन-तीन दिवसांनी थोडी पुढे सरकलेली दिसते. ती कोण सरकवते, हे घरात कोणी विचारलेले नाही.