चिठ्ठीत न लिहिलेला प्रश्न

साडी नेसणाऱ्या बाईला स्तनाच्या पुनर्रचनेची काय गरज, पदराआड सगळे झाकले जाते, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले आहे. काहींनी म्हटलेही असेल. त्यात दुष्टावा नसतो. गाठ निघाली, जीव वाचला, आता गरीब बाईला आणखी एका शस्त्रक्रियेच्या खर्चात कशाला ढकला, एवढाच त्यामागचा हिशेब. पण तो आपण तिच्या वतीने, तिला न विचारता मांडतो. ती स्वतः विचारण्याच्या मनःस्थितीत येते तेव्हा शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटलेले असते आणि तिच्यापुढचे काही रस्ते कायमचे बंद झालेले असतात.

रायपूरच्या उरल्याचेच घ्या. पोलादाच्या रोलिंग मिल, फेरो अलॉयचे कारखाने, लागून बिरगावची दाट वस्ती. इथल्या बायका भंगार निवडतात, माल भरतात, पॅकिंग करतात, झाडलोट करतात. बहुतेक जणी ठेकेदाराच्या हजेरीवर. विदर्भातून आलेली कुटुंबेही या पट्ट्यात आहेत. अशा वस्तीतल्या दवाखान्यात चाळिशीतली एखादी बाई ‘गठान’ घेऊन येते, तेव्हा फॅमिली डॉक्टर तपासतो, चिठ्ठी लिहितो आणि टाटीबंधच्या एम्समध्ये, मेकाहारा या सरकारी रुग्णालयात किंवा नवा रायपूरच्या बाल्को मेडिकल सेंटरला पाठवतो. चिठ्ठीत गाठीचा आकार असतो, काखेतल्या गाठींची नोंद असते, मधुमेह-रक्तदाब असतो. पुनर्रचनेबद्दल अवाक्षर नसते, कारण तो पुढच्यांचा विषय. पुढच्यांपैकी अनेकांना तो त्याहून पुढच्यांचा वाटतो.

ग्लोबोकॅनच्या 2022 च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण आढळले आणि 98 हजारांवर स्त्रिया दगावल्या. मृत्यूचा आकडा एवढा मोठा असताना पुनर्रचनेवर संपादकीय कशाला, असे कोणी म्हणेल. पण जगणाऱ्यांची संख्याही मोठी आहे, आणि आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे आधीच्या वयात गाठतो. चाळिशीत शस्त्रक्रिया झालेल्या बाईला त्या शरीरासह पुढची तीस वर्षे काढायची असतात.

मुद्दा वेळेचा आहे. पूर्ण स्तन काढताना पुनर्रचना त्याच वेळी करायची ठरली, तर सर्जन वरची त्वचा शक्य तेवढी राखतो आणि आतली पोकळी भरतो. आधी ठरले नसेल, तर नेहमीच्या पद्धतीने त्वचा काढून जखम सपाट बंद होते. नंतर पुनर्रचना करता येते, नाही असे नाही. पण त्वचा पाठीवरून किंवा पोटावरून आणावी लागते, वण वाढतात, आकार तितका जमत नाही. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावे लागणार असतील तर गणित पुन्हा बदलते. सिलिकॉनच्या इम्प्लांटभोवती कठीण कवच धरण्याचा धोका किरणांमुळे वाढतो. म्हणून अशा वेळी पुष्कळ सर्जन थांबून, नंतर रुग्णाच्याच शरीरातल्या ऊतींनी पुनर्रचना करणे पसंत करतात. त्याहीआधीचा प्रश्न, संपूर्ण स्तन काढणे भागच आहे का. आधी केमो देऊन गाठ लहान करता येते, उरलेला स्तन ऑन्कोप्लास्टीने नीट आकारात आणता येतो. पुण्यात डॉ. सी. बी. कोप्पीकर आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशनने हेच काम रेटले, आणि त्याचे रीतसर शिक्षण देण्यासाठी इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाशी जोडून घेतले. हे सगळे निर्णय पहिल्या सुरीच्या आधीचे. त्या वेळी बाईच्या शेजारी बसलेला माणूस बहुधा सर्जन नसतो; आपण, म्हणजे फॅमिली डॉक्टर, परिचारिका किंवा समाजसेवक असतो.

शिवाय आपल्याला जे माहीत असते ते सर्जनला नसते. एक उदाहरण सविस्तर पाहू.

पाठीवरचा लॅटिसिमस डॉर्साय हा स्नायू त्वचेसह पुढे वळवून स्तन घडवण्याची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. इटलीच्या तान्सिनी यांनी ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वापरली होती. मायक्रोस्कोप लागत नाही, रक्तपुरवठा पक्का असतो, जिल्ह्याच्या ठिकाणचा कसलेला प्लास्टिक सर्जनही ती करू शकतो. म्हणून साधनांची चणचण असलेल्या ठिकाणी पहिली निवड हीच ठरते. स्नायू गेल्याचे नुकसान फारसे जाणवत नाही, असे पुस्तक सांगते. टेबलावर काम करणारीच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण हा स्नायू हात वरून खाली ओढतो. हापसा मारणे, दोरी खेचणे, हातांवर भार देऊन जमिनीवरून उठणे, ही त्याची कामे. दुसरी पद्धत पोटाची. 1982 मध्ये हार्टरॅम्फ यांनी मांडलेल्या ट्रॅम फ्लॅपमध्ये पोटाचा सरळ स्नायू चरबी-त्वचेसह वर जातो. मागे पोटाची भिंत कमकुवत होऊन फुगवटा किंवा हर्निया होण्याची भीती राहते. रोज जमिनीवरून घमेले उचलणारीसाठी ही बारीकसारीक बाब नव्हे. तिच्यासाठी स्नायू जागेवर ठेवून फक्त त्वचा-चरबी उचलणारा डीप फ्लॅप बरा. पण त्याला सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडणारा संघ लागतो, सहा-आठ तासांचे टेबल लागते, आणि रात्रभर दर तासाला फ्लॅपचा रंग आणि ऊब पाहणारी परिचारिका लागते. ‘व्यवसाय : गृहिणी’ असे केसपेपरवर लिहून आपण हा सगळा विचार एका शब्दात संपवतो. त्या गृहिणीचा दिवस हापशापाशी सुरू होतो आणि मालाच्या ट्रकपाशी संपतो, हे चिठ्ठीत लिहायला आपल्याला एक ओळ लागेल.

आणि गुडाखू. छत्तीसगडात काम केलेल्यांना सांगायला नको. गूळ-तंबाखूची ही लगदी बायका सकाळ-संध्याकाळ, कित्येकदा दिवसातून चार-पाच वेळा दातांना घासतात. आपल्याकडची मशेरी तिचीच बहीण. शस्त्रक्रियेआधी विचारले जाते, ‘धूम्रपान?’ ती नाही म्हणते, आणि खरेच सांगते. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, फ्लॅपच्या कडा काळ्या पडण्याचा धोका वाढतो. याचे पुरावे प्रामुख्याने विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे आहेत हे कबूल, पण निकोटीन हिरडीवाटे रक्तात गेले म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. काही आठवडे आधी गुडाखू सोडायला सांगणे, आणि सोडताना तिची जी तगमग होईल तीत सोबत राहणे, हे काम उरल्यातल्या दवाखान्याचे आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री वॉर्डात ते व्हायचे नाही.

पैशाचा प्रश्न येतोच, आणि इथे आपले अज्ञान रुग्णाला महाग पडते. आरोग्य विम्यात प्लास्टिक सर्जरी बसत नाही, हे वाक्य एजंटपासून डॉक्टरपर्यंत सगळे ठोकून देतात. ते अर्धवट आहे. विमा नियामकाने 2019 मध्ये वगळायच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिली. तीत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळताना अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना हा अपवाद स्पष्ट नोंदवला आहे. दावा नाकारला गेला तर याच कलमावर बोट ठेवून अर्ज करता येतो. अमेरिकेत स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विम्याला पुनर्रचनेचाही खर्च देणे 1998 च्या कायद्याने बंधनकारक केले. आपल्याकडे तसा कायदा नाही. अपवादाचे हे कलम आहे, ते तरी वापरू या. सरकारी योजनांत पॅकेजचा कोड पाहूनच बोलावे. रुग्णालयाच्या आयुष्मान कक्षात पुनर्रचनेचा प्रश्न शस्त्रक्रियेची मंजुरी मागण्याआधी विचारावा, नंतर नव्हे.

उरल्यात त्याहून महत्त्वाची ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. महिना 21 हजारांपर्यंत वेतन असलेला कामगार तीत येतो. आजारपणात 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के मिळतात, हे पुष्कळांना माहीत असते. कर्करोगासारख्या ठरावीक दीर्घ आजारांत, पुरेशी नोकरी झालेली असेल तर, वाढीव आजारपण लाभ 80 टक्क्यांनी आणि कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेला बाई नाही म्हणते ती पुष्कळदा ऑपरेशनच्या भीतीने नव्हे, हजेरी बुडेल म्हणून. ठेकेदार पगारातून ईएसआय कापतो पण कार्ड हातात देत नाही, अशी तक्रार कामगार वस्त्यांत नवी नाही. तेव्हा निदानाच्या दिवशीच कार्डाची चौकशी करा. वैद्यकीय समाजसेवकांना हे सांगणे म्हणजे सोनाराला कान टोचायला शिकवणे झाले, पण प्रत्येक दवाखान्यात समाजसेवक कुठे असतो?

आता संस्थांविषयी. ज्या नॉर्विचचा वर उल्लेख केला, तिथेच ‘कीपिंग अब्रेस्ट’ नावाची छोटी धर्मादाय संस्था आहे. पुनर्रचनेचा विचार करणाऱ्या बायकांना सोबत देणे एवढेच तिचे काम. तिच्या बैठकांत पुनर्रचना झालेल्या बायका, ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे त्यांना आपली छाती प्रत्यक्ष दाखवतात. वण कुठे येतो, पोट कसे दिसते, हात लावल्यावर कसे लागते. संवेदना पूर्ववत येत नाही, हे सर्जन सांगतोच. पण बाईने बाईला सांगितलेले वेगळे पोचते. या संस्थेच्या कितीतरी आधी, 1952 मध्ये, न्यूयॉर्कच्या तेरेस लासर यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर ‘रीच टू रिकव्हरी’ सुरू केले. वॉर्डात जाऊन त्या रुग्णांना हाताचे व्यायाम आणि कपड्यांची जुळवाजुळव शिकवत. डॉक्टरांना ते रुचले नाही, काही ठिकाणांहून त्यांना बाहेर काढण्यात आले. 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तोच उपक्रम आपलासा केला.

पुनर्रचना नको असणारीसाठीही काम आहे, आणि ती संख्येने जास्त असेल. आज ती ब्लाउजात काय भरते? रुमालाची घडी, कापूस, जुन्या ओढणीचा बोळा. घाम आला की तो ओला होतो, वाकले की वर सरकतो. सिलिकॉनची कृत्रिम छाती तिच्या बजेटबाहेरची, आणि रायपूरच्या मे महिन्यात भट्टीशेजारी ती घालून दाखवावी कोणी! वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमच्या बार्बरा डेमोरेस्ट यांनी 2011 मध्ये ‘निटेड नॉकर्स’ हा उपक्रम सुरू केला: मऊ सुती धाग्याचे विणलेले कवच, आत धुता येण्याजोगा हलका भराव, साध्या ब्रामध्ये बसणारे. मुंबईत जयश्री रतन यांच्या साईशा इंडिया फाउंडेशनने ते काम इथे आणले. स्वयंसेवक बायका विणतात आणि रुग्णांना मोफत देतात. क्रोशाची सुई धरता येणाऱ्या बायका रायपूरच्या मराठी घरांतही कमी नसतील.

आमचे मत असे, की उरल्याजवळ अशी सोबत उभी करायला ट्रस्ट नोंदवण्यापासून सुरुवात करू नये. ट्रस्ट म्हटला की अध्यक्ष येतो, दीपप्रज्वलन येते, ऑक्टोबरात गुलाबी फिती येतात आणि नोव्हेंबरात कुलूप. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाची जागा चांगली आहे, पण तिथे बैठक ठेवली तर शिक्षिका आणि बँकेतल्या बायका येतील. त्यांनाही गरज आहे, त्यांची वेगळी भरवा. उरल्याची बाई यायची असेल तर बैठक बिरगावात हवी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, आणि बोलणे छत्तीसगढीत. सुरुवातीला चार जणी पुरेत: एक त्वचा राखून लगेच पुनर्रचना झालेली, एक उशिरा झालेली, एक सपाट छातीने मजेत राहणारी, आणि एक, जिचा फ्लॅप बिघडला आणि पुन्हा टेबलावर जावे लागले. ही चौथी हवीच. तिच्याशिवाय बैठक जाहिरात होते, आणि आपल्या क्षेत्रात जाहिराती पुष्कळ आहेत. ज्या बाईला पुनर्रचना नको आहे तिने का नको हे कोणाला पटवून देण्याची गरज नाही. आणि नवऱ्याला हवी आहे म्हणून ती तयार झाली असेल, तर ते एकांतात ऐकून घेणारी परिचारिका तिथे असावी.

बैठकीत मोबाइल दाराशी ठेवावेत. फोटो कोणी काढायचे नाहीत, संस्थेच्या अहवालासाठीही नाहीत. सर्जनला जरूर बोलवावे, पण पहिला तास त्याने बाहेर चहा घ्यावा. बायकांचे आपसांतले प्रश्न संपले की जे उरतील ते नेमके असतात: नळी किती दिवस, टाके केव्हा, केमो लांबणार का, पुन्हा गाठ आली तर ती झाकली तर जाणार नाही ना. या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्यालाही पाठ असावीत. नीट नियोजन केलेल्या पुनर्रचनेने रोग परतण्याची शक्यता वाढल्याचे दिसलेले नाही. केमो मात्र जखम चिघळली तर लांबू शकते, आणि ते तिला आधीच सांगितलेले असले पाहिजे.