रोमन शिपायाचा चेहरा कोणत्या रंगाचा?



आपल्या वर्गातल्या काही मुलांना सध्या रोमन सैन्य रंगवण्याचा नाद लागला आहे. पेरभर उंचीचे, म्हणजे २८ मिलिमीटरचे प्लास्टिकचे शिपाई. खोक्यातून हात, डोकी, ढाली सुट्या येतात. त्या चिकटवायच्या, रंगवायच्या आणि मग टेबलावर फासे टाकून लढाई खेळायची. एच. जी. वेल्सने १९१३ साली अशा लढायांवर 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं, आणि आज नॉटिंगहॅम हे या धंद्याचं मोठं केंद्र आहे. म्हणजे खूळ अगदी इथल्या मातीतलं. "एवढा वेळ पाढ्यांना दिला असता तर!" असं काही पालक म्हणतात. मला तसं वाटत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे: आपली मुलं सगळ्या शिपायांचे चेहरे गुलाबी रंगवतात.

यात मुलांचा दोष नाही. रंगाच्या छोट्या डबीवर वर्षानुवर्षं नुसतं 'फ्लेश' असं छापलेलं असे, जणू कातडीचा रंग जगात एकच! पण इथल्या रोमन फौजेत होतं तरी कोण? हेड्रियनची भिंत इसवी सन १२२ च्या सुमारास बांधायला घेतली. बांधली तीन लीजननी, पण पहारा दिला तो मुख्यतः साम्राज्यातून गोळा केलेल्या साहाय्यक तुकड्यांनी. कारव्होरनच्या ठाण्यावर सीरियातल्या हमा गावचे तिरंदाज होते. कार्लाइलजवळच्या बर्ग-बाय-सँड्सला तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांची तुकडी होती, तसा शिलालेखच सापडला आहे. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आजच्या लिबियात जन्मला आणि २११ साली यॉर्कमध्ये वारला. दगडावर कोणाचा वर्ण कोरून ठेवलेला नाही, हे खरं. पण ही सगळी मंडळी एकाच गुलाबी डबीतून निघाली असतील, हे माझ्या हिशेबात बसत नाही.

साउथ शील्ड्सच्या संग्रहालयात रेजिना नावाच्या बाईचा थडग्याचा दगड आहे, तो मुलांना जरूर दाखवा. ती इथलीच, ब्रिटनमधल्या कॅटुव्हेलॉनी जमातीची. आधी गुलाम, मग मुक्त, मग पत्नी. नवऱ्याचं नाव बराटेस. (वारज्याच्या बराट्यांशी संबंध नाही, आमच्याकडे लगेच चौकशी झाली!) हा सीरियातल्या पाल्मिराचा. शिपाई की व्यापारी, यावर जाणकारांचं एकमत नाही. दगडावर रीतसर लॅटिन मजकूर आहे आणि खाली एक ओळ पाल्मिराच्या लिपीत: बराटेसने मुक्त केलेली रेजिना, हाय! टाइन नदीच्या काठी ती ओळ वाचू शकणारे कितीसे असतील? तरी त्याने ती कोरून घेतली. शनिवारी सकाळी आपण मुलांना अंथरुणातून ओढून बाराखडी गिरवायला का आणतो, असं मुलं विचारतात तेव्हा मला हा दगड आठवतो.

आता पायाखालच्या जमिनीबद्दल, ज्याला ही मुलं 'बेसिंग' म्हणतात. चकतीवर पांढरा गोंद लावून वाळू टाकायची, वाळली की तपकिरी रंग, त्यावर फिक्या रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश, मग गवताचे झुबके. पालकहो, हे आपल्याला नवीन आहे का? दिवाळीच्या किल्ल्यावर विटांवर गोणपाट, गोणपाटावर चिखल आणि चिखलावर अळीव पेरून आपण हेच करत होतो! फक्त आपलं गवत खरं होतं आणि त्याला पाणी घालावं लागे.

पुष्कळ मुलं पिवळी वाळू टाकून मोकळी होतात, सिनेमात पाहिलेलं असतं ना! पण भिंतीवरचा शिपाई नॉर्थम्बरलंडच्या ओल्या माळावर उभा होता. जवळच्या व्हिंडोलांडाच्या ओल्या जमिनीतून १९७३ पासून पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं निघत आली आहेत. एकात मोजे, चपला आणि आतले कपडे पाठवल्याचा उल्लेख आहे. (आमच्या आईच्या पार्सलात मोज्यांबरोबर भाजणीही असे.) तेव्हा चिखल गडद करा, गवत पिवळट-हिरवं ठेवा आणि शक्य झाल्यास दोन-चार शिपायांना मोजे रंगवा.

यंदा वर्गाच्या किल्ल्याशेजारी एक टेबल रोमन भिंतीसाठी द्यावं, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे. अट एकच: 'फ्लेश'ची डबी घरी ठेवून यायची. तपकिरी, पिवळा, पांढरा आणि किंचित लाल आणला तर गोऱ्यापासून सावळ्यापर्यंत हवा तो रंग तयार होतो. आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर सध्या चोवीस हमाचे तिरंदाज वाळत पडले आहेत. दाढी कोणाकोणाला काढायची, यावर भावंडांची अजून भांडणं चालू आहेत, आणि जेवणं दिवाणखान्यात होत आहेत.

— एक पालक