भीती आधी गेली, प्रेम मागाहून आले

प्रेमकथा तरुण मुलींच्या हाती पडू देऊ नयेत, असे म्हणणारे गृहस्थ आमच्या धर्मग्रामात अजून आहेत. त्यांच्याशी आमचा वाद जुना आहे. आज मात्र आम्हांस भांडावयाचे आहे ते अशा कथांची वाहवा करणाऱ्यांशी. 'प्रेमाने भीतीवर मात केली' एवढे सार काढून ही मंडळी पुस्तक मिटतात आणि विवाहाच्या उंबरठ्यावर गांगरून उभ्या असलेल्या मुलामुलींना तेच पाजतात : 'लग्न होऊ दे, सगळे ठीक होईल.'

कॅनडाच्या ल्यूसी मॉड माँटगोमरी यांची 'द ब्लू कॅसल' (१९२६) ही गोड कादंबरी पाहा. नायिका व्हॅलन्सी २९ वर्षांची, अविवाहित. आईच्या रुसव्याची भीती, श्रीमंत काका मृत्युपत्रातून वगळतील ही भीती, गोतावळा काय म्हणेल ही तर रोजचीच. त्या घरी वाचून आनंद होईल असे पुस्तक धोक्याचे समजतात. (वर उल्लेखिलेल्या गृहस्थांचा तेथे उत्तम पाहुणचार झाला असता!) निसर्गावरील एका पुस्तकातले, भीतीलाच आदिपाप ठरविणारे विधान वाचून ती छातीच्या दुखण्यासाठी गुपचूप डॉक्टरांकडे जाते. सेमिनरीच्या परीक्षेत आम्ही असे उत्तर लिहिले असते तर खात्रीने नापास झालो असतो. तरी ते विधान आमची पाठ सोडत नाही.

डॉक्टरांचे पत्र येते : हृदयविकार, आयुष्य फार तर वर्षभराचे. तिची भीती गळून पडते ती या पत्राने. नायक त्या वेळी तिच्या आयुष्यात नाही. ती घर सोडते आणि जाते ती क्षयाने मरणाऱ्या सिसी गे हिची शुश्रूषा करावयास. लग्नावाचून मूल झाले म्हणून प्रतिष्ठितांनी या सिसीकडे पाठ फिरवली होती. बार्नी स्नेथवर व्हॅलन्सीचे प्रेम जडते ते या घरात, आजाऱ्याची सेवा करता करता. सिसीच्या मृत्यूनंतर, आपण फार जगणार नाही हे सांगूनच, ती त्याला लग्नाबद्दल विचारते. मग या कथेत कोणी कोणावर मात केली?

पुढे तर वाहवा करणाऱ्यांची अधिकच पंचाईत होते. ते पत्र दुसऱ्याच एका रुग्णाचे होते, चुकून आपल्याकडे आले, हे व्हॅलन्सीला कळते. जगणार, हे कळताच तिची भीती परत येते! आपण फसवून लग्न केले असे त्याला वाटेल, म्हणून वर्षभराचा सुखाचा संसार टाकून ती थेट आईच्या घरी पळते. बार्नीनेही आपले खरे नाव लपविलेले असते. आपल्यावर पैशाखेरीज कोणी प्रेम करील हा विश्वास त्याने गमावलेला असतो. दोघे समोरासमोर बसून हे बोलतात तेव्हा कुठे संसार सावरतो. (तो कोट्यधीशाचा मुलगा निघतो, हे आम्हांस रुचले नाही. गरीब बार्नी आम्हांस पुरला असता.)

संत योहानाच्या पहिल्या पत्राचा दाखला आम्हांस लगेच दिला जाईल. पण भीती घालविणारी प्रीती पूर्णत्वास गेलेली असते, असे संत योहान सांगतात. ते पूर्णत्व लग्नपत्रिकेबरोबर छापून येत नाही.

या अपराधात आम्हीही आहोत. अनेक वर्षांपूर्वी विवाहपूर्व शिबिरानंतर एक मुलगी मागे थांबली. 'फादर, मला भीती वाटते,' एवढेच म्हणाली. कशाची, हे आम्ही विचारले नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आमची संध्याकाळच्या मिस्साची वेळ होत आली होती. 'लग्न होऊ दे, सगळे ठीक होईल,' असे आम्ही म्हणालो. ती पुन्हा आमच्याकडे काही विचारावयास आली नाही.

आता आम्ही पत्रिका छापण्यापूर्वी वधू आणि वर यांना वेगवेगळे बोलावतो आणि कशाची भीती वाटते ते आधी विचारतो. काही पालकांना हे खपत नाही. हॉलचे आगाऊ पैसे भरून झाले आहेत, असे ते सांगतात.